शस्त्रक्रियेनंतरची देखरेख : परिचारिकेकडे सोपवता येईल का?

लष्करची लेक

नमस्कार. ग्वाल्हेर आणि आसपासच्या ज्या मराठी घरांत कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांच्याशी एका प्रश्नावर सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढते आहे.

माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. मागच्या कार्तिकात मुंबईत तिच्या उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वेळी काखेतल्या गाठीही काढल्या. जखमेतला द्राव बाहेर काढणारी ड्रेनची नळी अंगावर असतानाच सुट्टी मिळाली. परळला एका खोलीत तीन आठवडे राहून, नळी काढून घेऊन आम्ही पंजाब मेलने परतलो. शस्त्रक्रिया उत्तम झाली, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. हाती आलेल्या कागदावर मात्र पुढच्या भेटीची तारीख आणि गोळ्यांची नावे एवढेच होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने हिरव्या बांगड्या काढल्या, तेव्हा डाव्या हातात त्या सहज गेल्या आणि उजव्या हातात अडकल्या. अंग सुटले असेल असे मानून तिने त्या तशाच डब्यात ठेवल्या आणि कोणाला काही सांगितले नाही. या काळात रुग्णालयातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा तो मी घेतला आणि ‘सगळे ठीक आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून उत्तर दिले, कारण मला खरोखरच तसे वाटत होते. फाल्गुनात आम्ही मुंबईला गेलो. डॉक्टरांनी जखम पाहिली, ती छान भरल्याचे सांगितले आणि बाहेर पन्नास माणसे थांबलेली असल्यामुळे आम्हीही लगेच उठलो. हाताकडे त्यांचे लक्ष गेले नाही, आईने तो दाखवला नाही आणि विचारायचे मलाही सुचले नाही. चैत्रात त्याच हातावर लाली चढली, हात तापला, थंडी वाजून ताप आला आणि आईला चार दिवस शिरेतून औषधे द्यावी लागली.

त्यानंतर आमच्या ओळखीच्या एक निवृत्त सिस्टर घरी आल्या. त्यांनी टेप काढून दोन्ही हात मापले. कोपराच्या वर उजवा हात साडेतीन सेंटिमीटरने जास्त भरला. मग पाऊण तास त्या फक्त आईशी बोलत होत्या. खांदा किती वर जातो, रात्री कोणत्या कुशीवर झोपता, गोळी रोज घेता का, अंगावर काही जाते का, आरशात पाहता का, हे सगळे त्यांनी विचारले. शेवटच्या प्रश्नावर आई रडली. शस्त्रक्रियेनंतर पाच महिन्यांत ती पहिल्यांदाच रडताना मी पाहिली.

माझा प्रश्न असा आहे की, हे विचारणे आपल्याकडे कोणाचेच नेमून दिलेले काम का नसावे? काही देशांत शस्त्रक्रियेनंतरची देखरेख प्रशिक्षित परिचारिकांकडे असते असे वाचले आहे. आपल्याकडे असा अनुभव कोणाला आला आहे का?

दौलतगंजकर

ताई, आला आहे. तो मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेचा असल्यामुळे थोडा वेगळा आहे.

माझ्या वडिलांना तात्पुरता स्टोमा करावा लागला, म्हणजे लहान आतड्याचे टोक पोटावर काढून त्यावर पिशवी लावावी लागली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी स्टोमाचे प्रशिक्षण घेतलेल्या एक सिस्टर आल्या. त्यांनी वडिलांना उभे केले, बसवले, वाकायला लावले, पायजम्याची नाडी कुठे बांधता ते पाहिले आणि मग पोटावर पेनाने खूण केली. तेव्हा मला त्याचे महत्त्व समजले नव्हते. नंतर त्याच वॉर्डात एक बाई भेटल्या, ज्यांची शस्त्रक्रिया दुसरीकडे घाईने झाली होती. त्यांचा स्टोमा बरोबर परकराच्या नाडीखाली आला होता. पिशवी दिवसातून तीनदा सुटत असे आणि भोवतालची कातडी सोलून निघाली होती. जागा दोन बोटे सरकली असती तर त्या बाईंचे रोजचे जगणे पुष्कळ सुसह्य झाले असते, असे मला आजही वाटते.

घरी आल्यावर त्याच सिस्टर ठरलेल्या दिवशी फोन करत. सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून पिशवीचे भोक दर आठवड्याला नव्याने मापून कापावे आणि ते स्टोमापेक्षा फक्त दोन-तीन मिलिमीटर मोठे ठेवावे, हे त्यांनी सांगितले. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, हेही त्यांनीच शिकवले. मे महिन्यात, जेव्हा आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असे की काल पिशवीत एकूण किती भरले. एके दिवशी ते दोन लिटरच्या जवळ गेले होते आणि वडील फक्त ‘जरा गळून गेल्यासारखे वाटते’ म्हणत होते. लहान आतड्याच्या स्टोमातून दिवसाला दीड लिटरच्या वर जाऊ लागले, तर पाण्याबरोबर मीठही जाते आणि नुसते पाणी पिऊन ते भरून येत नाही, उलट बाहेर जाणारे वाढू शकते. त्यांनी ताबडतोब जलसंजीवनी सुरू करायला लावली आणि त्याच दुपारी रक्त तपासायला पाठवले. मूत्रपिंडावर ताण यायला सुरुवात झालेली होती. तो फोन आला नसता, तर आम्ही उन्हाळ्याला दोष देत बसलो असतो.

जुनी सिस्टर

मी शल्यचिकित्सेच्या वॉर्डात चौतीस वर्षे काम करून निवृत्त झाले. ताईंच्या प्रश्नाने बरेच दिवस मनात असलेले बोलायला जागा मिळाली, म्हणून थोडे लांब लिहिते.

पहिली गोष्ट फोनची. शस्त्रक्रिया झालेल्या घरी फोन लावला की तो मुलगा घेतो, सून घेते, कधी जावई घेतो. आमच्याकडे भिंड, मुरैना, शिवपुरी, दतिया इथून बायका येत आणि कागदावर नंबर नेहमी घरातल्या पुरुषाचा असे. ‘ठीक आहे’ हे उत्तर तो अगदी प्रामाणिकपणे देतो, कारण त्याला दिसते तेवढे ठीकच असते. म्हणून माझा पहिला नियम असा होता की, ‘आजींना फोन द्या.’ आजी शेतात असतील, झोपल्या असतील, तर मी संध्याकाळी पुन्हा लावत असे. दुसरा नियम असा की, ‘बरे आहे ना’ असे कधीच विचारायचे नाही. ‘केस दोन्ही हातांनी विंचरता येतात का’, ‘पोलक्याची बाही कुठे घट्ट होते का’, ‘काल नळीच्या डब्यात कोणत्या खुणेपर्यंत आले होते’, असे विचारायचे. ज्याला हो-नाही म्हणून सुटता येत नाही, त्याच प्रश्नातून काही हाती लागते.

ड्रेनबद्दल सांगते, कारण पहिल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. डबा नेहमी जखमेच्या पातळीखाली ठेवावा आणि कपड्याला टाचून घ्यावा, म्हणजे नळी ओढली जात नाही. रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहावे. द्राव आधी लालसर, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो आणि सामान्यतः चोवीस तासांत ३० मिलिलिटरपेक्षा कमी असे लागोपाठ दोन दिवस आले की डॉक्टर नळी काढतात. उतरता आकडा एकाएकी वाढला, ताजे लाल रक्त दिसले, वास आला, ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा नळी एकदम बंद पडून छाती फुगू लागली, तर सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. नळी काढल्यावरही त्या जागी पाणी साठू शकते. ते पुष्कळदा आपोआप जिरते आणि फारच त्रास असेल तर सुईने काढता येते, पण घरच्यांना आधी सांगितलेले नसेल, तर तो फुगवटा पाहून ‘गाठ परत आली’ असे समजून सगळे घर रात्रभर जागते. मी अशी घरे पाहिली आहेत.

आता हाताबद्दल. काखेतल्या गाठी काढल्या की हातातून परत येणाऱ्या लसिकेची, म्हणजे शरीरातल्या पाण्यासारख्या द्रवाची, वाट अरुंद होते आणि सूज येऊ शकते. तिला लिम्फिडीमा म्हणतात. ती महिन्यांनी येते, कधी काही वर्षांनीही येते. दिसण्याआधी ती जाणवते. हात जड वाटतो, अंगठी फिरत नाही, बांगडी अडते. ताईंच्या आईच्या बांगड्यांनी अगदी वेळेवर खबर दिली होती. दोन्ही हातांची मापे शस्त्रक्रियेच्या आधीच घेऊन ठेवली आणि पुढे ठरावीक जागी घेत राहिलो, तर दोन सेंटिमीटरचा फरक दिसताच उपचार सुरू करता येतात. दाब देणारी बाही, विशेष पद्धतीची पट्टी, हलका मसाज आणि व्यायाम, हे सुरुवातीला चांगले लागू पडते. सूज जुनी होऊन कातडी कडक झाली की मात्र मेहनत कितीतरी वाढते.

पूर्वी आम्हीच बायकांना सांगत असू की त्या हाताने काहीही उचलू नका. ते पूर्ण बरोबर नव्हते, हे आज कबूल करायला हवे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत व्यायाम दिला. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही आणि एकाएकी बळावण्याचे प्रसंगही कमी आले. म्हणून हात जपून ठेवून निकामी करू नये, पण पहिल्याच महिन्यात पाण्याची बादलीही उचलू नये. मधला रस्ता रुग्णाबरोबर बसून ठरवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ शल्यचिकित्सकाकडे नसतो, यात त्यांचा दोष नाही.

आणखी एक गोष्ट, जी बायका पुरुष डॉक्टरांसमोर बोलत नाहीत. रोग परत येऊ नये म्हणून दिली जाणारी टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षे, काहींना दहा वर्षे घ्यावी लागते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, म्हणून कित्येकजणी ती गुपचूप बंद करतात आणि भेटीत ‘घेते’ असे सांगतात. रागावणारी बाई विचारत असेल, तर खरे उत्तर येत नाही. शिवाय पाळी गेल्यानंतर अंगावर लाल जाऊ लागले, तर ते लगेच सांगायला हवे, कारण या गोळीने गर्भाशयाच्या अस्तरावर परिणाम होऊ शकतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर तेही त्याच दिवशी दाखवावे.

मुरारकर

सिस्टरांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक शंका मांडतो.

माझ्या मोठ्या भावाला गालाच्या आतल्या भागाचा कर्करोग झाला. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून, देशात सर्वांत आधी, गुटख्यावर बंदी घातली, पण दादाची सवय त्याच्या वीस वर्षे आधीची होती आणि नंतरही ती पूर्ण सुटली नाही. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाल्यावर नवव्या महिन्यात नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी मानेवर बोटे फिरवली आणि हरभऱ्याएवढी गाठ त्यांच्या हाताला लागली. दादाला ती कळली नव्हती, आम्हालाही नाही. पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि आज तो आमच्यात आहे. डॉक्टरांची भेट टळून परिचारिकेचा फोन आला असता, तर ती गाठ कोणाच्या हाताला लागली असती? मला अशी भीती वाटते की, रुग्णालये गर्दी कमी करण्यासाठी ही व्यवस्था आणतील आणि गरीब रुग्णाला डॉक्टर दिसणारच नाहीत.

जुनी सिस्टर

दादा, तुमची भीती अगदी रास्त आहे आणि तिच्यावरून घाईने पुढे जाता कामा नये.

तोंडाच्या आणि मानेच्या कर्करोगात रोग परतण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. म्हणूनच पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर दोन ते सहा महिन्यांनी तोंड आणि मान तपासायची असते. ती तपासणी डॉक्टरांनीच करावी, असे माझेही ठाम मत आहे. फोनने गाठ सापडत नाही. मी ज्या कामाबद्दल बोलते आहे, ते त्या दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांचे आहे. तुमच्या दादांचे तोंड किती उघडत होते, हे कोणी दर पंधरवड्याला पट्टीने मापले होते का? किरणोपचारानंतर जबडा आखडत जातो. वरच्या आणि खालच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटरच्या खाली गेले की खाणे, बोलणे, दात घासणे सगळेच अवघड होते. लाकडी चपट्या काड्या एकावर एक ठेवून रोज व्यायाम करवून घ्यावा लागतो आणि तो कंटाळवाणा असल्यामुळे मागे कोणीतरी असावे लागते. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा खांदा उतरतो का, वजन किती घटले, तंबाखू पुन्हा सुरू झाली का, हे सगळे याच मधल्या दिवसांत घडते. मानेला किरणे दिली असतील तर थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी व्हायला हवी आणि ती विसरली जाते.

इतर कर्करोगांत मात्र परिचारिकेने मुख्य देखरेख करण्याचे प्रयोग नीट तपासलेले आहेत. स्वीडनमध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या २६४ स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ठरावीक काळाने डॉक्टर पाहत होते आणि बाकीच्यांना अनुभवी परिचारिकेने सर्व लक्षणे समजावून, गरज वाटेल तेव्हा थेट तिच्याकडे येण्याची मोकळीक दिली होती. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, दोन्हीकडे दरवर्षी होती. रोग परतल्याचे कळायला किंवा आयुर्मानाला दुसऱ्या गटात तोटा झाला नाही. इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २०३ रुग्णांवर केलेला अभ्यास २००२ चा आहे. त्यात परिचारिकेकडे असलेल्या रुग्णांना तीन महिन्यांनी धाप कमी लागत होती आणि ते अधिक समाधानी होते. जगण्याच्या कालावधीत फरक नव्हता.

पण त्या परिचारिका विशेष शिकलेल्या होत्या आणि शंका आली की त्या रुग्णाला थेट डॉक्टरांपुढे नेऊ शकत होत्या. या दोन अटी गाळल्या, तर तुम्ही म्हणता तेच होईल. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा कर्करोग परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. अडचण पुढे येते. ती शिकून आलेली मुलगी सहा महिन्यांत पाळीप्रमाणे दुसऱ्या वॉर्डात जाते, कधी हाडांच्या, कधी प्रसूतीच्या, आणि तिच्या हातचे रुग्ण वाऱ्यावर राहतात. मला माझ्या नोकरीत याचेच सर्वाधिक दुःख झाले. कर्करोगाची परिचारिका त्याच कामावर राहील, एवढा एक नियम केला तरी अर्धे काम होईल.

शिवपुरीची सूनबाई

खर्चाबद्दल एक गोष्ट लिहिते. माझ्या सासूबाईंची शस्त्रक्रिया आयुष्मान योजनेतून झाली आणि तो मोठाच आधार होता. त्या योजनेत रुग्णालयातून सुटल्यावर १५ दिवसांपर्यंतचा औषधपाण्याचा खर्च धरलेला असतो. हातावरची सूज चौथ्या महिन्यात आली. दाब देणारी बाही आम्हालाच विकत घ्यावी लागली, ती मापाची मिळाली नाही, आणि ग्वाल्हेरला दोनदा येण्याचे भाडे तिच्या किमतीएवढेच झाले. माप घेणारे कोणी शिवपुरीतच असते, तर एकच खेप पुरली असती. म्हणून शहरातल्या मोठ्या रुग्णालयाबरोबरच जिल्ह्याच्या रुग्णालयातही एक तरी शिकलेली सिस्टर असावी, असे मला फार वाटते.

मुरारकर

सिस्टर, तोंड कोणीच मापले नव्हते. दादा आज जेमतेम दीड बोट तोंड उघडतो आणि वरण-भात कालवून खातो. आम्ही ते शस्त्रक्रियेचाच परिणाम म्हणून स्वीकारले होते. इतक्या उशिरा व्यायामाने काही फरक पडेल का?

जुनी सिस्टर

पूर्वीसारखे उघडेल असे आश्वासन मी देणार नाही, कारण जुना ताठरपणा सहजी सुटत नाही. तरी काही मिलिमीटर मिळाले, तरी चमचा आत जायला आणि दात स्वच्छ राहायला ते पुरतात. मात्र आधी डॉक्टरांना दाखवून ये म्हणावे, कारण तोंड एकाएकी कमी उघडू लागले असेल, तर ते रोग परतल्याचेही लक्षण असू शकते आणि किरणांनी जबड्याचे हाड कमजोर झाले आहे का, हेही पाहावे लागते. त्यांची परवानगी मिळाली की मला कळवा. काड्यांचा व्यायाम मी मुरारला येऊन दाखवून जाईन.

लष्करची लेक

सर्वांचे मनापासून आभार. मुरारकर दादांच्या शंकेमुळे माझाही प्रश्न मला जास्त स्पष्ट झाला. मला डॉक्टरांच्या जागी कोणी नको आहे. डॉक्टरांच्या दोन भेटींच्या मधले तीन-चार महिने कोणाच्या तरी वहीत असावेत, एवढेच हवे आहे.

घरी काय सुरू केले, ते लिहिते, म्हणजे कोणाला उपयोग झाला तर होईल. आईच्या दोन्ही हातांवर मनगट, मनगटाच्या वर दहा सेंटिमीटर, कोपर आणि कोपराच्या वर दहा सेंटिमीटर अशा चार जागा ठरवल्या. दर पंधरवड्याला, सकाळी अंघोळीच्या आधी, एकाच टेपने मी मापे घेते. बाही योग्य मापाची करून घेतली आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेतला. फरक साडेतीनवरून सव्वादोनवर आला आहे. गोळीबद्दल विचारल्यावर आईने सांगितले की, मधल्या काळात तिने अठरा दिवस ती घेतलीच नव्हती. हे तिने मला न सांगता घरी येणाऱ्या सिस्टरांना सांगितले. दरवर्षी सगळ्या अंगाचे स्कॅन का करत नाहीत, असे बाबा वारंवार विचारत होते. काही लक्षण नसताना अशा स्कॅननी आयुष्य वाढत नाही, वर्षातून एकदा दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी आणि नियमित तपासणी आवश्यक आहे, हे सिस्टरांनी त्यांना समजावल्यावर त्यांचाही जीव थोडा शांत झाला.

भाद्रपदात पुन्हा मुंबईला जायचे आहे. वही बरोबर नेणार आहोत आणि पहिल्या पानावर चार ओळींत मापे, तापाचा प्रसंग, गोळीतला खंड आणि रात्रीच्या झोपेबद्दल लिहून ठेवले आहे, म्हणजे डॉक्टरांना ते अर्ध्या मिनिटात वाचता येईल. रुग्णालयाच्या कागदावर संपर्कासाठी माझा नंबर होता. काल फोन करून तो बदलून घेतला आणि तिथे आईचा नंबर लिहायला सांगितला.